विकिपीडियावरची भांडणं आणि न येणारा तिसरा माणूस

पाणवठा (धागाकर्ती)

मराठी विकिपीडियावर मी बरीच वर्षं लिहिते आहे. इथे तो विषय निघाला की दोनच तक्रारी ऐकू येतात. एक, "तिथे कोणीही काहीही खरडतं." दुसरी, "तिथे चार जणांची मक्तेदारी आहे." या दोन तक्रारी एकमेकींना छेद देतात असं वाटेल, पण लहान विकिपीडियावर दोन्ही एकाच वेळी खऱ्या असू शकतात. त्याचं कारण एकच आहे असं मला वाटतं आणि त्यासाठीच हा धागा.

ज्यांनी कधी 'संपादन' वर टिचकी मारलेली नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. प्रत्येक लेखामागे दोन पानं असतात, 'इतिहास' आणि 'चर्चा'. इतिहासात लेखाची पहिल्या दिवसापासूनची प्रत्येक आवृत्ती जपलेली असते, कोणी कधी काय बदललं ते सगळं दिसतं. मी एक वाक्य घातलं, ते तुम्हाला पटलं नाही, तुम्ही उलटवलंत, म्हणजे आधीची आवृत्ती परत आणलीत. यात काहीच गैर नाही. मी तेच वाक्य परत घातलं की मात्र भांडण सुरू होतं. त्या ठिकाणी मी थांबायला हवं आणि चर्चा पानावर जाऊन माझा संदर्भ दाखवायला हवा. इंग्रजी विकिपीडियावर एकाच लेखात २४ तासांत तीनपेक्षा जास्त वेळा उलटवलं तर संपादनाला बंदी येऊ शकते, आणि तुमचं म्हणणं बरोबर होतं एवढ्यावर ती टळत नाही. पहिल्यांदा कळल्यावर लोकांना हा अन्याय वाटतो. मला हा नियम फार शहाणपणाचा वाटतो. बरोबर कोण हे दोघांपैकी एकाने स्वतःच ठरवायचं नसतं, एवढंच तो सांगतो.

मग ठरवायचं कोणी? पुढची पायरी तिसऱ्या माणसाची. वादात नसलेला कुणीतरी येतो, दोघांचे संदर्भ वाचतो आणि आपलं मत लिहितो. तेवढ्याने नाही भागलं तर सगळ्यांना बोलावून मतं मागवायची. अगदी टोकाला इंग्रजीत लवाद समिती आहे, पण ती लेखात काय असावं हे ठरवत नाही, माणसं एकमेकांशी कशी वागली तेवढंच पाहते.

मराठीत गाडी अडते ती याच मधल्या पायरीवर. चावडीवर, म्हणजे सगळ्यांच्या चर्चेच्या पानावर, विचारावं तर उत्तर येत नाही. प्रचालक (पानं वगळण्याचे, बंदी घालण्याचे अधिकार असलेले सदस्य) मोजके आहेत, त्यांचा वेळ उत्पात, म्हणजे मुद्दाम केलेली नासधूस, निस्तरण्यात आणि नकल-डकव (कॉपी-पेस्ट) लेख वगळण्यात जातो. वाद दोघांतच राहतो आणि जो आधी दमतो तो हरतो. मग एकाला वाटतं "कोणीही काहीही लिहितं", दुसऱ्याला वाटतं "मक्तेदारी आहे".

भरपूर माणसं असली की काय होतं याचं माझं आवडतं उदाहरण पोलंडमधल्या ग्दान्स्कचं. हे बंदर शतकानुशतकं जर्मन भाषिकांचं दान्त्सिग होतं, १९४५ नंतर पोलंडचं ग्दान्स्क झालं. तापमापकवाला फॅरनहाइट तिथलाच, तत्त्वज्ञ शोपेनहॉवरही तिथलाच. इंग्रजी विकिपीडियावर शेकडो लेखांत या एका नावावरून उलटवाउलटवी चालायची. २००५ साली कालखंड पाडून मतदान घेतलं. १३०८ ते १९४५ या काळाबद्दल लिहिताना दान्त्सिग, त्याआधी आणि त्यानंतर ग्दान्स्क. व्यक्ती स्पष्टपणे जर्मन असेल तर दान्त्सिग लिहून कंसात ग्दान्स्क, स्पष्टपणे पोलिश असेल तर उलट. पूर्ण समाधान कोणाचंच झालं नसणार. पण वाद शेकडो पानांवरून एका पानावर आला आणि तिथे मिटला. सरसकट एक नाव घेण्याऐवजी काळाचे तुकडे पाडायचे हे सुचायला आणि मान्य व्हायला मुळात खूप माणसं एका जागी यावी लागतात.

आपल्याकडचे अनुभव लिहा. कटू असले तरी लिहा.

---

रानवाट

पाणवठाताई, लेख आवडला, पण मूळ प्रश्नच वेगळा आहे असं वाटतं. आपल्याकडे विश्वकोश आहे. वाईच्या मंडळाने तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादकत्वाखाली उभा केलेला. नोंदीखाली लेखकाचं नाव असतं, तो त्या विषयातला जाणकार असतो. त्याआधी केतकरांचा ज्ञानकोश होता. ही परंपरा असताना नाव न सांगणाऱ्या लोकांच्या भांडणातून निघालेल्या लेखावर का विश्वास ठेवायचा?

---

पाणवठा

रानवाट, विश्वास ठेवा असं मी म्हणतच नाही. संदर्भ तपासा असं म्हणते, आणि तो संदर्भ पुष्कळदा विश्वकोशच असतो. त्यातली नोंद जशीच्या तशी उचलून आणायची नाही एवढं पथ्य. तो प्रताधिकाराचा भंग होतो आणि तसे लेख वगळले जातात. विश्वकोशाशी स्पर्धा नाही. तिथे एका जाणकाराचा निर्णय असतो, इथे निर्णयापर्यंतची वाट उघडी असते. मला दोन्ही हवेत.

---

शेवंता

माझा अनुभव गावाच्या लेखाचा. मराठी विकिपीडियावर गावांचे हजारो छोटे लेख आहेत. बहुतेकांत २०११च्या जनगणनेचे आकडे, पिनकोड आणि 'येथील मुख्य पीक' एवढंच. आमच्या गावाचाही तसाच होता. मी त्यात देवस्थानाचा इतिहास लिहायला घेतला आणि आठवड्यात तो दुसऱ्या कोणीतरी बदलला. गावात मानकऱ्यांची दोन घराणी आहेत, पालखीचा पहिला मान कोणाचा यावर जुना वाद आहे. मी लिहिलेलं एका घराण्याला मानवलं नाही. मग अंकपत्त्यावरून बदल सुरू झाले, म्हणजे खातं न उघडता. सकाळी एक घराणं, संध्याकाळी दुसरं.

शेवटी चर्चा पानावर मी एवढंच लिहिलं की दोघांनीही छापील संदर्भ द्यावा. तो कोणाकडेच नव्हता. मुंबई इलाख्याच्या जुन्या गॅझेटियरमध्ये देवळाचा उल्लेख आहे, जत्रेचा महिना आहे, मानाबद्दल चकार शब्द नाही. लेखात तेवढंच ठेवलं. पहिला मान कोणाचा हे वाक्यच काढलं. दोन्ही घराणी नाराज झाली, पण बदल थांबले.

थांबायचं खरं कारण मला नंतर कळलं. त्यातल्या एका घरातला कॉलेजला जाणारा मुलगा चर्चा पानावर येऊन नीट बोलू लागला होता. त्याने देवळाच्या दीपमाळेचा फोटो स्वतः काढून कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या मुक्त चित्र-ध्वनी संग्रहावर, चढवला. तो फोटो आजही लेखात आहे. दुसऱ्या घराण्याची त्यावर काहीच तक्रार नाही.

---

अनवट

शेवंता, सुंदर अनुभव. फक्त एक जपा. जुन्या गॅझेटियरमधलं देऊळ, नदी, बाजार चालेल, पण जातींबद्दलचे उतारे घेऊ नका. इंग्रजी विकिपीडियावर जातींच्या लेखांसाठी ब्रिटिशकालीन नोंदी विश्वासार्ह धरत नाहीत. त्या अधिकाऱ्यांनी अमकी जात अशी, तमकी तशी असं जे छापून ठेवलं ते पुढच्या संशोधनाने कधीच मोडीत काढलंय. ते शिक्के मराठीत पुन्हा उमटवायला नकोत.

माझा वाद वेगळा आहे, आदरार्थीचा. "अहो, तुम्ही 'महाराज' का काढलंत" यावरून माझ्या सदस्य पानावर फार कडवट लिहिलं गेलं. उपाध्या काढायच्या हा इंग्रजीतला नियम काही जण आपल्याकडे जसाच्या तसा राबवतात. पण इंग्रजीत एकेरी-आदरार्थी हा भेदच नाही. मराठीत "त्याचा जन्म झाला" असं एखाद्या संताबद्दल लिहिलं तर वाचणाऱ्याला ते तटस्थ वाटत नाही, ठरवून केलेला अपमान वाटतो. क्रियापद आदरार्थी असावं. 'थोर', 'महान', 'जगद्विख्यात' मात्र नसावं. या दोन गोष्टी वेगळ्या केल्या की निम्मे वाद मिटतील असं माझं मत.

---

माजघर

अनवट +१. क्रियापदाबद्दल सहमत. लेखाच्या शीर्षकात उपाधी असावी की नाही यावर मात्र माझं मत वेगळं आहे, त्यावर स्वतंत्र कौल घ्यायला हवा.

---

हस्तलिखित

विषय निघालाच आहे तर २०२५च्या फेब्रुवारीतलं बोलायला हवं. इंग्रजी विकिपीडियावरच्या छत्रपती संभाजी महाराजांच्या लेखातल्या काही मजकुरावर राज्यभर संताप झाला, महाराष्ट्र सायबरने (पोलिसांच्या सायबर विभागाने) मजकूर काढण्याची नोटीस दिली आणि पुढे काही संपादकांवर गुन्हाही दाखल झाला. माझ्याही भावना दुखावल्या होत्या, ते लपवत नाही. पण मी इतिहासाचा विद्यार्थी आहे आणि मला दुसऱ्याच गोष्टीचं जास्त वाईट वाटलं.

महाराजांची जुन्या बखरींनी रंगवलेली प्रतिमा मोडली ती मराठी संशोधकांनी. वा. सी. बेंद्रे यांनी अनेक दशकं कागद धुंडाळून १९६० मध्ये चरित्र प्रसिद्ध केलं. कमल गोखले यांनी त्यावर स्वतंत्र संशोधन केलं. हे काम मराठी वाचकाला ठाऊक आहे. इंग्रजी लेखाच्या चर्चा पानावर ते पानक्रमांकासह, नेमक्या उताऱ्यासह मांडणारे मराठी लोक किती होते? मराठी ग्रंथाचा संदर्भ इंग्रजी विकिपीडियावर चालतो, भाषेचं बंधन नाही. फक्त उतारा देऊन त्याचा अर्थ सांगावा लागतो. हे काम पोलीस करू शकत नाहीत. ते आपलं होतं.

---

रानवाट

हस्तलिखित, तुमच्या कळकळीबद्दल आदर आहे. पण सामान्य माणसाने तिथे जायचं कसं? असे लेख कुलूपबंद असतात. वाढीव सुरक्षेच्या लेखाला ५०० संपादनं आणि ३० दिवसांचं खातं लागतं. नव्या माणसाला दारातच उभं करता आणि मग म्हणता चर्चा करा.

---

हस्तलिखित

लेख बंद असतो, चर्चा पान बहुधा उघडं असतं. तिथे 'संपादन विनंती' करता येते. अमुक वाक्याऐवजी तमुक वाक्य घ्या, हा ग्रंथ, हे पान. विनंती नेमकी असेल तर ती विचारात घ्यावीच लागते. "हे खोटं आहे, ताबडतोब काढा" एवढंच लिहिलं तर कोणी काही करू शकत नाही, कारण करायचं काय हेच त्यात नसतं.

तुमचा मुद्दा मात्र अर्धा मान्य. हे सगळं आधी ठाऊक असावं लागतं आणि ते कोणी शिकवत नाही.

---

तात्पुरता

वाचतोय. वाचनखूण साठवली.

---

उत्तरायण

मी जर्मनीत राहतो, तिथल्या विकिपीडियावर थोडं काम करतो. तिथे २००८ पासून एक पद्धत आहे. नव्या सदस्याने केलेला बदल अनुभवी सदस्याने नजरेखालून घातल्याशिवाय वाचकाला दिसत नाही. उत्पात जवळजवळ दिसतच नाही. पण यासाठी रोज बदल तपासत बसणारी मोठी फौज लागते. मराठीत हे उद्या लावलं तर बदल महिनोन्महिने रांगेत पडून राहतील. म्हणजे फिरून ताईंचाच मुद्दा, माणसं.

माणसं कमी असली की काय होतं याची दोन उदाहरणं देतो. क्रोएशियन विकिपीडियावर मोजक्या प्रचालकांनी अनेक वर्षं ताबा ठेवला. विरोध करणाऱ्यांना बंदी घालायची, आणि दुसऱ्या महायुद्धातल्या, नाझींना साथ देणाऱ्या उस्ताशे राजवटीचे अत्याचार सौम्य करून लिहायचे. २०१३ मध्ये तिथल्या शिक्षणमंत्र्यांनी विद्यार्थ्यांना जाहीरपणे सांगितलं की हा विकिपीडिया वापरू नका. सुधारणा व्हायला २०२०-२१ साल उजाडलं. त्यावर विकिमीडिया फाउंडेशनने नंतर सविस्तर अहवालही काढला.

दुसरं स्कॉटलंडमधल्या स्कॉट्स भाषेच्या विकिपीडियाचं. २०२० मध्ये उघडकीला आलं की हजारो लेख एका अमेरिकी मुलाने लिहिले होते आणि त्याला ती भाषा येतच नव्हती. कोशात बघून इंग्रजी शब्दांच्या जागी स्कॉट्स शब्द बसवायचा. मुलाचा हेतू वाईट नव्हता, सुरुवात केली तेव्हा तो १२ वर्षांचा होता. मला त्याची दयाच येते, कारण नंतर त्याला फार छळलं लोकांनी. इतकी वर्षं कोणीच त्याला "अरे बाबा, असं नसतं म्हणत" म्हणालं नाही. तिथे भांडणच झालं नाही, हा खरा घात.

मराठीत आज यंत्र अनुवादाने लेख तयार होतात ते पाहिलं की मला हेच आठवतं. व्याकरण वरवर ठीक, आणि वाक्य कोणत्याही मराठी माणसाने कधी उच्चारलेलं नाही असं.

---

पाणवठा

उत्तरायण, "भांडणच झालं नाही" हे नेमकं सांगितलंत. मला जे सांगायचं होतं ते हेच.

---

मांडवीतीर

गोव्यातून लिहितोय. कोंकणी विकिपीडिया २०१५ मध्ये स्वतंत्र झाला. देवनागरी, रोमी (रोमन) आणि कन्नड, तिन्ही लिपींतले लेख एकाच ठिकाणी. बाहेरच्याला ही तांत्रिक बाब वाटेल. गोव्यात लिपीवरून काय काय झालंय हे ज्यांना माहीत आहे त्यांना कळेल की हे एका छपराखाली नांदणं किती अवघड. १९८७च्या राजभाषा कायद्यात कोंकणी म्हणजे देवनागरीतली कोंकणी. रोमीत लिहिणाऱ्यांच्या मनात तो सल अजून आहे, तियात्र (कोंकणी नाट्यप्रकार) आणि कितीतरी वृत्तपत्रं त्या लिपीत वाढलीत. आणि मराठीचा वाद वेगळाच.

तरी तिथे काम चालतं. देवनागरीवाला रोमी लेखातला चुकलेला सन दुरुस्त करतो, कारण आकडा दोघांनाही वाचता येतो. सुरुवात अशा ठिकाणी होते. मोठ्या वादावर एकमत होईपर्यंत थांबलो असतो तर एकही लेख झाला नसता. गोवा विद्यापीठाने कोंकणी विश्वकोश मुक्त परवान्याखाली दिला त्याचाही फार आधार झाला.

---

धनगरवाडा

माझी तक्रार ऐका. आमच्याकडच्या सुंबरान मांडणाऱ्या, म्हणजे धनगरी ओव्या गाणाऱ्या, म्हाताऱ्यांना जे ठाऊक आहे ते कुठल्याच पुस्तकात नाही. मी लेखात लिहिलं, 'संदर्भ हवा' असा साचा (तयार सूचनेची पट्टी) लागला. संदर्भ कुठून आणू? ज्यांच्याबद्दल कोणी लिहिलंच नाही त्यांनी कायम बाहेरच राहायचं का?

---

पाणवठा

धनगरवाडा, तुमच्या प्रश्नाला सोपं उत्तर माझ्याकडे नाही आणि साचा लावणाऱ्यालाही मी दोष देणार नाही. २०११ मध्ये मलयाळम, हिंदी आणि दक्षिण आफ्रिकेतल्या सेपेडी भाषेत मौखिक संदर्भांचा प्रयोग झाला होता. जाणत्या माणसांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करायच्या आणि त्यांचाच संदर्भ द्यायचा. त्यावर खूप वाद झाला, ती पद्धत सर्वमान्य झाली नाही. विरोध करणाऱ्यांचं म्हणणं, उद्या कोणीही शेजाऱ्याला बोलतं करून त्याला संदर्भ म्हणेल. त्यातही तथ्य आहे.

आज होण्यासारखं एवढंच. सुंबरान ध्वनिमुद्रित करा, गाणाऱ्याची परवानगी घ्या, मुक्त परवान्याने कॉमन्सवर चढवा. लेखात तो आवाज ऐकता येईल. त्याचा अर्थ, इतिहास, परंपरा हे मात्र आधी कुठल्यातरी नियतकालिकात छापून यायला हवं. हस्तलिखित, यात तुम्ही मदत कराल का?

---

हस्तलिखित

नक्की. मोडीच्या बाबतीत आम्ही हेच सोसतो. दप्तरातला कागद मी स्वतः वाचला तरी थेट विकिपीडियावर टाकता येत नाही, ते 'मूळ संशोधन' होतं. आधी त्रैमासिकात द्यायचा, इतर अभ्यासकांच्या नजरेखालून जाऊ द्यायचा, मग संदर्भ. उशीर होतो, पण माझं वाचन चुकलं असेल तर ते तिथेच पकडलं जातं. धनगरवाडा, निरोप पाठवला आहे.

---

शेवंता

कार्यशाळांबद्दल कोणीच बोललं नाही. मराठी भाषा दिन आला की महाविद्यालयांतून कार्यशाळा होतात. एका दुपारी साठ मुलं बसतात, प्रत्येकाला एक लेख 'टाकायला' सांगतात. मुलं संकेतस्थळावरून उचलून चिकटवतात. संध्याकाळी प्रचालक ते वगळतात आणि मुलांचा विकिपीडियाशी संबंध कायमचा संपतो. त्याऐवजी त्या साठ जणांना एकेक जुना लेख देऊन "यातल्या एका वाक्याला संदर्भ शोध" असं सांगितलं तर? नवा लेख नको. आयोजकांना आकडा दाखवायचा असतो हे कळतं मला, पण मुलांचं मन मोडतं त्याचं काय.

---

माजघर

शेवंता, हे व्हायलाच हवं. आमच्या कॉलेजात येत्या सत्रात मी असंच करून बघणार आहे. मुलांना ग्रंथालयात नेऊन बसवते, संगणक कक्षात नाही.

---

रानवाट

माझं मत पूर्ण बदललं असं म्हणणार नाही. निनावी लेखन मला अजूनही खटकतं. पण २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात विकिपीडियाविरुद्धच्या खटल्यात एका वृत्तसंस्थेने संपादकांची ओळख मागितली तेव्हाच्या बातम्या आज पुन्हा आठवल्या. नाव उघड झालं तर लोक लिहायचेच थांबतील, हेही दिसतंय.

मी निवृत्त अभियंता आहे. धरणांवर काम केलंय. भंडारदरा, कोयना, जायकवाडी या लेखांच्या चर्चा पानांवर तिसरा माणूस म्हणून येऊ शकेन. दोघांत वाद असेल तर अहवाल वाचून सांगेन. पण खातं उघडल्यावर नेमकं काय करायचं?

---

पाणवठा

रानवाट, फार बरं वाटलं.

खातं टोपणनावानेही चालतं. ते उघडून त्या तिन्ही लेखांवरची चांदणी दाबा, म्हणजे ते तुमच्या निरीक्षणसूचीत येतील आणि कोणी बदल केला की दिसेल. वाद दिसला तर लेखाला हात लावू नका, आधी इतिहासातले दोन्ही बाजूंचे बदल वाचा. मग चर्चा पानावर नवा विभाग करून लिहा की मी या वादात नाही, अमुक अहवालात अमुक पानावर असं आहे, म्हणून हे वाक्य असं असावं असं वाटतं. माणसाबद्दल काही लिहू नका, वाक्याबद्दलच लिहा. दोघांपैकी एकाने उलट प्रश्न केला तर उत्तर द्या, नाही केला तर आठवडाभर वाट बघून मग बदल करा. मजकुराखाली सहीसाठी चार टिल्ड (~~~~) टाकायच्या, तारीख आपोआप येते.

जायकवाडीच्या लेखापासून सुरुवात केलीत तरी चालेल.